महिरप

महिरप (वास्तुकला) : दोन खांबांच्या किंवा भिंतींच्या मधल्या उघड्या भागावरची, आतल्या कडेला पाकळ्यांचे अर्धगोल कोरलेली कमान, अथवा तशा कमानीच्या आकाराची लाकडी वा चुन्यातली सजावट. मराठी घरात ती दिवाणखान्यात, देवघराच्या चौकटीवर, गणपतीच्या मखरावर आणि पंगतीत ताटाभोवतीच्या रांगोळीत दिसते; गणिताच्या पुस्तकातला महिरपी कंसही तिच्याच आकाराचा. तिचे नाव मशिदीतल्या मिहराबावरून आलेले आहे. तिची नाशिक परिसरातली रूपे विशेष मोलाची आहेत, कारण इथे कमानीने दगड-विटांचे काम सोडून सागवानाचे घेतले आणि त्या बदलात तिला नवे सौंदर्य आले.

मिहराब म्हणजे मशिदीच्या मक्केकडील भिंतीत केलेला कोनाडा. नमाजाची दिशा त्यावरून कळते. नाशिककडच्या मशिदींत तो पश्चिमेच्या भिंतीत असतो. इमारतीतले सर्वांत उत्तम काम या कोनाड्याच्या वाट्याला येते. इराणमधल्या इस्फहानच्या जामे मशिदीत इलखानी बादशहा उलजैतू याच्या काळातला १३१० चा गचकामातला मिहराब आहे. त्यातली अक्षरे आणि वेली एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की लेख कुठे संपतो आणि पाने कुठे सुरू होतात हे शोधत राहावे लागते. त्याच शहरातल्या एका मदरशातला १३५४-५५ चा मिहराब आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. सुमारे साडेतीन मीटर उंचीचा हा कोनाडा निळ्या, पांढऱ्या आणि फिरोजी चकाकीच्या कौलांचे लहान लहान तुकडे कापून, एकाशेजारी एक बसवून केलेला आहे. इस्फहानच्याच शेख लुत्फुल्ला मशिदीत (१६०३–१९) मिहराबावर मुहम्मद रिझा या उस्तादाचे नाव लिहिलेले आहे. कारागिराने आपले नाव किब्ल्याच्या, म्हणजे मक्केकडील, भिंतीवर ठेवावे आणि ते राहू द्यावे, यातून त्या कामाचा मान कळतो.

इराणी कमानीचे रूप तिथल्या भूमीने ठरवले. पठारावर लांब सरळ लाकूड दुर्मीळ, माती मात्र अमाप. म्हणून छत तुळईवर न टाकता विटांच्या कमानीवर आणि घुमटावर तोलायचे. चार केंद्रांची कमान त्यातून घडली. खालच्या बाजूला, जिथे कमान भिंतीतून निघते तिथे, लहान त्रिज्येचे दोन कंस. वर टोकाकडे मोठ्या त्रिज्येचे, जवळजवळ सरळ भासणारे दोन कंस. भार टोकावरून दोन्ही बाजूंना उतरतो आणि जाड भिंतींत जिरतो. चौकाच्या चार बाजूंना अशा भव्य कमानींची चार दालने, म्हणजे ऐवान, ही योजना इस्फहानच्या जामे मशिदीत बाराव्या शतकात पक्की झाली आणि पुढे मध्य आशिया व हिंदुस्थानपर्यंत गेली. इस्फहानच्याच, १६११ मध्ये सुरू झालेल्या शाही मशिदीत या कमानींच्या पोटात मुकर्नस, म्हणजे एकावर एक पुढे येत जाणाऱ्या बारीक कोनाड्यांच्या माळा, भरलेल्या आहेत. त्यांच्याखाली उभे राहिले की छताचे वजन कुठे आहे हेच डोळ्याला उमगत नाही.

या कमानीला पाकळ्या नाहीत, हे ध्यानात ठेवावे. इराणी मशिदीची कमान साधी आणि टोकदार असते. तिची शोभा तिच्या वळणात आणि वरच्या कौलांत असते. पाकळीदार कमानी स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या मशिदीत आहेत. हिंदुस्थानात काश्मीरच्या जुन्या मंदिरांची त्रिदलाकार कमान आणि अबूच्या जैन मंदिरांतली कोरीव तोरणे फार आधीची. शाहजहानच्या काळात आग्रा आणि दिल्लीच्या संगमरवरी महालांत हे सारे एकत्र आले आणि पाकळीदार कमान मोगल वास्तूची ओळख झाली. तेव्हा महिरपीला केवळ इराणी म्हणणे जितके अपुरे, तितकेच तिला केवळ देशी म्हणणेही.

दख्खनमध्ये इराणी हात मोगलांच्या आधीच पोहोचला होता. गुलबर्ग्याची जामा मशीद (१३६७) काझवीनहून आलेल्या रफी नावाच्या वास्तुकाराची मानली जाते. दौलताबादच्या चांद मिनारावर (१४४५) आणि बिदरला महमूद गावानच्या मदरशावर (१४७२) इराणी धाटणीच्या रंगीत कौलांचे अवशेष आजही दिसतात. निजामशाहीच्या अहमदनगरात, आताच्या अहिल्यानगरात, कौलांऐवजी दगडच कोरला गेला. तिथली दमडी मशीद (१५६७-६८) आकाराने लहान, पण तिच्या दगडातली नक्षी लाकडात कोरल्यासारखी नाजूक आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्यात (१६६०-६१) संगमरवर थोडा आणि चुन्याचा गिलावा फार. ताजमहालाशी तुलना करून त्याला नेहमी उणे ठरवले जाते. मात्र चुन्यात वेलबुट्टी उठवण्याचे कसब या भागात किती वर गेले होते, हे पाहायला मकबऱ्यासारखी दुसरी जागा नाही. त्याच्या पश्चिमेला नंतर बांधलेल्या मशिदीच्या दर्शनी भागात पाकळीदार कमानींची रांग आहे. दख्खनच्या मंदिरांत आणि वाड्यांत पुढे जी महिरप रुळली, तिच्या जवळचे हे रूप.

निखळ इराणी रूप महाराष्ट्रात पाहायचे तर मुंबईला डोंगरीतल्या मुघल मशिदीत जावे. हाजी मुहम्मद हुसेन शिराझी या इराणी व्यापाऱ्याने ती १८६० मध्ये बांधवली. तिच्यावर घुमट नाही. दोन मिनार आहेत, आत हौद आहे आणि दर्शनी भाग निळ्या कौलांनी भरलेला आहे.

मोगल अमलात नाशिकचे नाव गुलशनाबाद होते. अठराव्या शतकाच्या मध्यावर शहर पेशव्यांकडे आले. पेशवे घराण्यातल्या गोपिकाबाई उत्तरायुष्यात गंगापूरला राहिल्या, राघोबादादांचा मुक्काम आनंदवल्लीला असे, आणि सरदारांनी गोदावरीच्या दोन्ही तीरांवर मंदिरे व वाडे उभे केले. रामकुंडाजवळचे नारोशंकराचे मंदिर १७४७ चे. त्याचे शिखर पूर्णपणे देशी परंपरेतले, पण आवाराच्या तटाच्या कोपऱ्यांवर घुमटाकार छत्र्या, ज्यांना मेघडंबरी म्हणतात. चार मेघडंबऱ्यांपैकी एक पुरात गेली. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ मध्ये बांधलेल्या सुंदरनारायण मंदिराला पूर्व, दक्षिण आणि उत्तर अशा तीन बाजूंना सज्जे असलेले मंडप आहेत. त्यांच्या कमानी पाकळीदार आहेत आणि वर गोल घुमट आहेत. विष्णूच्या मंदिराच्या दारात ही रचना कुणालाही परकी वाटत नाही, तेव्हाही वाटली नसावी. बांधवणाऱ्याला ती राजेशाही वाटली, गवंड्याच्या हातात ती होतीच.

महिरपीचे खरे घर मात्र वाडा. वाड्यात भार उचलण्याचे काम खांब आणि तुळई करतात: जोत्यावर दगडी तळखडा, त्यावर सागवानी खांब, खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर कडीपाट. रचना एवढ्यावर पूर्ण होते. कमानीची तिला गरज नाही. तरीही दिवाणखान्यात दोन खांबांच्या मध्ये, तुळईच्या खाली, महिरप बसवतात. ती दोन जाड फळ्यांची असते. प्रत्येक फळीवर अर्धी कमान कापून पाकळ्या काढतात आणि दोन्ही अर्धी मध्यावर जोडतात. सांध्याच्या ठिकाणी अनेकदा खाली झुकलेले केळफूल कोरलेले असते. कमानीच्या दोन खांद्यांवर उरलेल्या त्रिकोणांत कमळे, वेली किंवा पोपट येतात. इस्फहानमध्ये हेच त्रिकोण निळ्या कौलांनी भरलेले असतात. खालचा खांबही पाहण्यासारखा असतो. तळाशी फुगीर आणि वर निमुळता होत जाणारा हा सुरूदार खांब सुरूच्या झाडाच्या आकारावर बेतलेला आहे, आणि सुरू हे इराणी बागेचे व चित्रांचे लाडके झाड. पाण्याकाठची बाग हा तिथल्या शोभेचा मोठा विषय; इथे त्यातला सुरू केळफुलाच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि दोघांची संगत उत्तम जमली.

वजन न उचलणारी कमान खोटी, असे काही वास्तुशास्त्रज्ञ मानतात. हे मत पटणारे नाही. विटांच्या कमानीला भार सांभाळायचा असल्यामुळे तिचे वळण एका मर्यादेपलीकडे बदलता येत नाही. सुताराला ती अट नव्हती. म्हणून त्याने पाच, सात, नऊ पाकळ्या पाडल्या, कमान खोल केली, उथळ केली, एका दिवाणखान्यात एकीसारखी दुसरी ठेवली नाही. चौकातून आत येणारा प्रकाश या पाकळ्यांच्या कडांवर अडतो आणि बसक्या छताची खोली उंच भासू लागते. नाशिकच्या सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा आणि चांदवडचा अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल या जिल्ह्यातल्या या परंपरेच्या मोठ्या वास्तू. रंगमहालातले कोरीव लाकूडकाम आणि भिंतींवरची चित्रे एकत्र पाहावीत. नक्षीतली फुले भिंतीवरही फुललेली आढळतात.

जुन्या नाशिकच्या गल्ल्यांत आणि पंचवटीत लहान वाडे अजून आहेत. गोदावरीच्या पुराचे पाणी सरकारवाड्याच्या पायऱ्यांना लागले की नदीकाठच्या वस्तीला धोका कळतो. ओल धरलेले लाकूड आणि वाळवी यांमुळे पावसाळ्यात वाड्यांच्या भिंती कोसळतात. वाटण्या, जुनी भाडी आणि जागेचा भाव यांमुळे दुरुस्ती लांबते. वाडा उतरवताना महिरप आधी निघते, कारण तिच्यावर काही पेललेले नसते. खुंट्या काढल्या की ती अखंड हाती येते. मग जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यामार्फत ती एखाद्या हॉटेलच्या किंवा बंगल्याच्या भिंतीवर जाते. ती कोणत्या वाड्याची, कोणत्या खणातली, तिच्या शेजारची कशी होती, हे तिच्याबरोबर जात नाही. म्हणून वाडा पाडण्याआधी प्रत्येक खणाचे माप, पाकळ्यांची संख्या आणि खांद्यावरची नक्षी यांचे रेखाटन करणे हे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचे नाशिकमधले तातडीचे काम आहे, आणि त्यासाठी फीत, कागद व घरमालकाची परवानगी पुरेशी आहे.