पाठीवर सात चांदण्या

गटाच्या बैठकीत एक प्रश्न आमच्यापुढे नेहमी येतो. डेअरीला दूध बाई घालते, आठवडी बाजार बाई करते, बचतही बाईच करते. मग घराचा कर्ता कोण? हा प्रश्न फक्त आपल्या गावचा नाही. तोच सोबत घेऊन आज आपण दूर जाऊ, चीनच्या नैऋत्येला, युनान प्रांतातल्या डोंगरांत.

तिथं लीच्यांग नावाचं जुनं गाव आहे. आपलं कळसूबाईचं शिखर 1646 मीटर उंच. हे गावच मुळी सुमारे 2400 मीटरवर वसलंय. उत्तरेला बर्फानं झाकलेला डोंगर आहे, 5596 मीटरचा. जवळूनच यांगत्से नदीचा वरचा प्रवाह खोल घळीतून धावतो. तिथले मूळ लोक नाशी जमातीचे.

गावात शिरलं की आधी पाणी भेटतं. उत्तरेच्या तळ्यातून आलेलं पाणी पाटांनी घरोघर, गल्लोगल्ली फिरतं. काही ठिकाणी झऱ्याला एकापुढे एक तीन कुंडं बांधलेली आहेत. पहिल्यातलं पाणी प्यायला, दुसऱ्यात भाजी धुवायची, तिसऱ्यात कपडे. वरचं पाणी खालच्या कुंडात उतरतं, म्हणून पहिल्या कुंडात कुणी कपडे बुडवायचे नाहीत. नियम सगळ्यांनी पाळायचा. मधल्या बाजारचौकात तर बाजार उठला की पाट अडवून पाणी फरशीवर सोडायचे आणि चौक धुऊन काढायचे.

हे गाव मोठं झालं ते चहामुळे. तिबेटच्या उंच, थंड मुलखात चहा पिकत नाही, आणि तिथल्या माणसाला लोणी-मीठ घातलेल्या चहाशिवाय चालत नाही. युनानच्या दक्षिणेत चहाचे डोंगर आहेत. तिथला चहा दाबून त्याच्या चकत्या करायच्या, त्या खेचरांवर लादायच्या आणि दाली, लीच्यांग करत ल्हासाच्या वाटेला लागायचं. तिकडून घोडे, लोकर, औषधी वनस्पती यायच्या. कित्येक शतकं ही वाट चालू होती. लीच्यांग म्हणजे त्या वाटेवरचा मोठा मुक्काम.

तांड्याबरोबर पुरुष जायचे, ते महिनेच्या महिने परतायचे नाहीत. मागं बाजार सांभाळायच्या नाशी बायका. दुकानात त्या बसायच्या, भाव त्या ठरवायच्या, पाठीवर ओझी वाहायच्या, शेतीही बघायच्या. त्यांच्या पोशाखात पाठीवर मेंढीच्या कातड्याचं एक पांघरूण असतं. ओझं रुतू नये, थंडी लागू नये, म्हणून ते कामाचं. त्यावर भरतकामाच्या सात गोल चकत्या असतात. त्या म्हणजे सात चांदण्या. पहाटे चांदण्यांत घर सोडायचं आणि रात्री चांदण्यांतच परतायचं, असा त्याचा अर्थ लावतात. मैत्रिणींनो, कष्टाचं कौतुक असं अंगावर मिरवायला मिळालं, पण कष्ट काही कमी झाले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात या बाजाराला अचानक भरती आली. 1942 मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला, चीनला जाणारा तिथला रस्ता बंद झाला. मग आपल्या देशातून, बंगालच्या डोंगरातल्या कालिंपाँगहून, माल खेचरांवर ल्हासामार्गे लीच्यांगला जाऊ लागला. त्याच काळात पीटर गुलार्ट नावाचा रशियात जन्मलेला एक माणूस तिथं सहकारी संस्था उभ्या करायला आला होता. चीनमध्ये 1938 पासून अशा औद्योगिक सहकारी संस्थांची चळवळ चालली होती. लोकर कातणं-विणणं, कातड्याचं काम अशा धंद्यांचे छोटे गट बांधायचे, त्यांना भांडवल मिळवून द्यायचं, हे त्याचं काम. आपल्याला हे ओळखीचं वाटतं ना? त्यानं पुढं 1955 मध्ये पुस्तक लिहिलं. गावाचा व्यापार बायकांच्या हाती असल्याचं त्यानं त्यात नोंदवलंय.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. व्यापार बायकांच्या हाती होता, पण घर आणि जमीन बापाकडून मुलाकडे जायची. नाशींची स्वतःची चित्रलिपी आहे. तिच्यातल्या पोथ्या आज जगाचा ठेवा मानल्या जातात. ती लिपी मात्र पुरोहितांची, आणि पुरोहित पुरुष. 1723 मध्ये बादशहानं तिथल्या पिढीजात सरदारांचा कारभार काढून आपले अधिकारी नेमले. त्यानंतर आईबापांनी ठरवलेल्या लग्नाची सक्ती वाढत गेली. मनाविरुद्ध लग्न नको म्हणून कित्येक तरुण जोडप्यांनी डोंगरात जाऊन जीव दिला. ज्या मुली मोठ्या होऊन अख्खा बाजार चालवू शकल्या असत्या, त्यांना स्वतःचं लग्न ठरवता येत नव्हतं.

फेब्रुवारी 1996 मध्ये तिथं मोठा भूकंप झाला, 300 हून अधिक माणसं गेली. गाव पुन्हा जुन्या पद्धतीनं बांधलं आणि 1997 मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं. मग पर्यटकांचे लोंढे आले. घरांची भाडी वाढली. कित्येक नाशी कुटुंबं घरं व्यापाऱ्यांना भाड्यानं देऊन बाहेर राहायला गेली. ज्या चौकात त्यांच्या आज्या भाजी, तांब्याची भांडी विकायच्या, तिथं आता बाहेरच्यांची दुकानं आहेत.

या गोष्टीतून आम्हाला एक कळलं. हातात पैसा खेळणं वेगळं आणि नावावर काही असणं वेगळं. बाई राबते म्हणून तिला मान मिळतो, पण कागदावर नाव नसेल तर तो मान सणापुरता. तेव्हा येत्या बैठकीला एवढंच करू या. प्रत्येकीनं घरी जाऊन आपल्या घराचा उतारा आणि शेताचा सातबारा बघायचा. त्यावर आपलं नाव आहे का, ते वाचायचं. वाचता येत नसेल तर गटातल्या मैत्रिणीला सोबत घ्यायचं. मग बसून बोलू.