नदीकाठची बाग

पुण्यास नदीकाठी बाग असावी, ही हौस आजची नव्हे. येरवड्याजवळ सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून बंधारा झाला तो पाण्यासाठी. बंडगार्डन त्याच्या काठी मागाहून आले. आधी पाणी, मग विहार. ६ मार्च २०२२ रोजी पायाभरणी झालेल्या ४४ किलोमीटरांच्या नदीकाठ योजनेत आम्हांस हा क्रम उलटलेला दिसतो. तीत भराव आणि बांध पात्राच्या कडेलाच येतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा शनिवार-नारायण पेठांत शिरून मुठेने आपली हद्द दाखवली होती. बुधवार पेठेत दिवसभर उभ्या राहणाऱ्या दुकाननोकरास संध्याकाळी टेकायला बाक हवाच. तो काठच्या झाडाखाली, पूर वरून निघून जाईल असा असला तरी पुरे.