अंगणात उतरलेली शाळा : ताराबाई आणि अनुताईंचा वारसा #थ्रेड

१/ 1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. त्याच वर्षी ताराबाई मोडक यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे कार्यक्षेत्रही तत्कालीन ठाणे जिल्ह्यातच होते, पण दुसऱ्या टोकाला, डहाणू तालुक्यात.

२/ ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहकारी होत्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. माँटेसरींचा विचार त्यांना पटला होता; परंतु ती महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती.

३/ 1945 मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबतीला अनुताई वाघ आल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, तरी जिद्दीने शिकून पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका झालेल्या. येथे खडे, शंख-शिंपले, पाने आणि बिया हीच शैक्षणिक साधने ठरली.

४/ अडचण निराळीच निघाली. मुले शाळेत येईनात. थोरली भावंडे धाकट्यांना सांभाळत, नाहीतर गुरे राखत. अशा वेळी दोष पालकांना देणे सोपे असते. या दोघींनी तो शाळेला दिला.

५/ मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे. म्हणून वस्तीतल्या अंगणात भरली ती अंगणवाडी, आणि गुराख्यांसाठी गायरानात भरली ती कुरणशाळा. पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले व वारली मुलांमध्ये रुजले.

६/ 31 ऑगस्ट 1973 रोजी ताराबाई निवर्तल्या. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्राचे नाव : अंगणवाडी. तो शब्द देशभर गेला. तो कुठून आला, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

७/ अनुताई थांबल्या नाहीत. 1982 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रमेश पानसे यांच्यासह त्यांनी 'ग्राममंगल' स्थापन केली. त्यांना पद्मश्रीही मिळाली. 27 सप्टेंबर 1992 रोजी निधन.

८/ मग वारसा कशाला म्हणावे? वागळे इस्टेटमधल्या अनेक कारखान्यांच्या जागी आज कार्यालये आहेत. वास्तू बदलतात, मालक बदलतात. शिक्षकाचे काम टिकते ते दुसऱ्याने हाती घेतले तरच. ताराबाईंचे काम अनुताईंनी घेतले, अनुताईंचे पुढच्यांनी.

९/ नाव टिकणे म्हणजे मूल्य टिकणे नव्हे. योजनेतील सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. तरीही अंगणवाडी म्हटले की आपल्याला आहार आणि लसीकरणच आठवते. दोन्ही आवश्यकच, पण त्या अंगणात आधी शिक्षण आले होते.

१०/ तेव्हा आपल्या वस्तीतील अंगणवाडीवरून जाताना एवढेच पाहावे : आत मूल खेळते आहे का, प्रश्न विचारते आहे का? या दोघींचे खरे स्मारक तेच आहे.