आवाजाला जवारी लावणारे हात

हुपरीच्या माणसाला आवाजाची पारख कोणी शिकवावी लागत नाही. आमच्या गावात पहाट होते तीच मुळी चांदीच्या किणकिणाटात. कोणाच्या सोप्यात तार ओढली जाते, कोणाच्या माडीवर कड्या जोडल्या जातात, कोठे घुंगरू भरले जातात तर कोठे तयार पैंजणांना उजळा दिला जातो. माझ्या शेजारच्या आण्णांनी तर सगळी हयात घुंगरांत घालवली. मूठभर घुंगरू हातात घेऊन ते एकदाच हलवतात आणि डोळे न उघडता त्यातला बद्द वाजणारा बाजूला काढतात. असा हा कानाचा माणूस गेल्या दिवाळीच्या सुटीत तावातावाने माझ्या दारात उभा राहिला.

"गुरुजी, तुमीच जरा समजावून सांगा ह्येला. नुस्ता आवाज मोठा करायच्या पेटीला कोण एवढं पैसं घालतंय व्हय?"

'ह्येला' म्हणजे त्यांच्या धाकट्याला. हा माझा जुना विद्यार्थी. कोल्हापुरातल्या एका वाद्यवृंदात गिटार वाजवतो. त्याने कोणाकडून तरी जुनी, हाताळलेली अशी एक पेटी आणली होती. तिच्या तोंडाशी एक खण होता आणि त्या खणात सरकवायच्या दोन डब्या होत्या. तो त्यांना 'मॉड्यूल' म्हणे. दिसायला दोन्ही एकसारख्या. पण एक कारखान्यातून आली तशी होती आणि दुसरीच्या पोटातले काही भाग कोणा दुरुस्ती करणाऱ्याने बदललेले होते. या दुसऱ्या डबीसाठी पोराने वेगळे पैसे मोजले होते, आणि आण्णांचा सगळा राग त्या डबीवर होता. पोराने हे खूळ सोडावे आणि कामाला बसावे, एवढेच त्यांचे म्हणणे.

पदार्थविज्ञानाशी माझा संबंध शाळेच्या पुस्तकापुरता. तेव्हा निवाडा देण्यापूर्वी थोडा शोध घ्यावा असे ठरवले, आणि शोध सुरू केला तो अमेरिकेपासून नव्हे, तर इचलकरंजीवरून तासा-दीड तासाच्या वाटेवर असलेल्या मिरजेपासून. कारण आवाज मोठा करण्याची पेटी आपल्याकडे फार जुनी आहे. तिचे नाव तंबोऱ्याचा भोपळा.

मिरजेत सांगतात ती हकीगत अशी. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. पेशवाई बुडाली, तलवारी म्यानात गेल्या आणि धार लावणाऱ्या हातांना काम उरले नाही. त्यांपैकी फरीदसाहेब नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास वाद्यदुरुस्तीत लक्ष घातले आणि पुढे तंबोरे घडवले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे मोठे भोपळे मिळाले, आणि सतारमेकर हे आडनावच होऊन बसले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या परंपरेचे फळ.

आता तंबोरा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भोपळा येतो. पण भोपळा आणि त्यावरची तबली एवढेच करतात, की तारेचा क्षीण आवाज खोलीभर पोचवतात. त्या आवाजाचा स्वभाव ठरतो तो तबलीवर बसवलेल्या चार बोटांच्या घोडीवर. ही घोडी धारदार नसते. तिची पाठ किंचित उतरती, गोलसर असते. तार तिच्यावरून सुटताना एका बिंदूवर सुटत नाही, पाठीला अलगद घासत, थरथरत सुटते. मग कारागीर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा किंवा रेशमाचा एक बारीक दोरा सरकवतो आणि तो केसभर मागेपुढे करत राहतो. एका ठिकाणी अचानक तार 'बोलू' लागते. हीच जवारी. घोडीची पाठ एका अंगाने घासली तर जवारी खुली होते, आवाज झणझणीत पसरतो. दुसऱ्या अंगाने घासली तर ती बंद होते, आवाज गोल आणि आवरलेला येतो. सतारीतही हाच भेद. पंडित रविशंकरांची जवारी खुली, तर उस्ताद विलायत खाँ यांची बंद. दोघांपैकी श्रेष्ठ कोण हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु दोन सतारींच्या स्वभावातला हा फरक भोपळ्याने नव्हे, तर कानशीच्या चार हातांनी पडतो.

मिरजेला ज्यांनी आपले घर मानले ते उस्ताद अब्दुल करीम खाँ स्वतः वाद्ये दुरुस्त करत आणि जवारीच्या कामात निष्णात होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या श्रुतींच्या प्रयोगांत त्यांचा कान उपयोगी पडला. १९३७ साली ते वारले. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि तेथे दरवर्षी गाण्याची हजेरी लागते. जवारीचे गूढ शास्त्रज्ञांनाही सुटले नव्हते. एखादी तार विशिष्ट ठिकाणी छेडली की त्या जागी स्थिर राहणारे उपस्वर उमटत नाहीत, असा युरोपातला नियम होता. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेल्या टिपणात दाखवले, की तंबोऱ्यावर आणि वीणेवर हा नियम चालत नाही; जे उपस्वर मुके राहायला हवेत तेही ठणठणीत उमटतात, आणि याचे कारण त्या गोलसर घोडीत आहे. शिकलगाराच्या हाताला जे कळत होते, ते कागदावर यायला एवढा काळ लागला.

त्याच १९२१ सालच्या जुलैत मुंबईत बालगंधर्व आणि आमच्या कोल्हापूरचे केशवराव भोसले यांचा 'संयुक्त मानापमान' रंगला. तेव्हा रंगमंचावर ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवायचा तो गळ्याने. मात्र तोवर परदेशात आवाज मोठा करणारा काचेचा दिवा जन्माला आला होता. १९०६ साली अमेरिकेच्या ली डी फॉरेस्टने काचेच्या फुग्यात तापणारी तार, पत्रा आणि त्यांच्यामध्ये एक जाळी बसवली. जाळीवर विजेची हलकी लहर आली, की पत्र्याकडे जाणाऱ्या प्रवाहात तशीच मोठी लहर उठते. आपल्या आजोबांच्या रेडिओत जे व्हॉल्व्ह लालसर पेटत, ते या दिव्याचेच वंशज. पुढे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही ते तयार होऊ लागले.

१९३०-३२ च्या सुमारास अमेरिकेत गिटारच्या तारांखाली लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे आले, आणि गिटारचा आवाज विजेची लहर बनून पेटीत शिरू लागला. ही लहर इतकी दुबळी, की तिला एकदम मोठे करता येत नाही. आधी एक-दोन लहान व्हॉल्व्ह तिला सावरतात, तिची जाड-बारीक बाजू ठरवतात. मग मोठे व्हॉल्व्ह तिला बळ देऊन कर्ण्याकडे ढकलतात. पहिल्या टप्प्याला म्हणतात प्रीअँप. माझ्या ध्यानात आले ते असे: मोठे व्हॉल्व्ह आणि कर्णा म्हणजे भोपळा; प्रीअँप म्हणजे घोडी.

आणि येथेही मिरजेसारखीच गोष्ट घडली. फेंडर या अमेरिकन कंपनीची 'बेसमन' नावाची पेटी नावाजलेली होती. लंडनमध्ये ढोलवादन शिकवणाऱ्या आणि वाद्यांचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी १९६२ च्या सुमारास आपल्या कारागिरांकडून तिच्याच आराखड्यावर पेटी करवली. आराखडा जवळजवळ तोच. पण सामान मिळेल ते, इंग्लंडमधले. फेंडरने पहिल्या जागी सुमारे चाळीसपट वाढ देणारा व्हॉल्व्ह बसवला होता, मार्शलने शंभरपट वाढ देणारा बसवला. कर्णेही निराळे, त्यांची पेटीही मागून बंद. एवढ्या बदलाने त्या पेटीचा स्वभाव पालटला आणि त्यातून एका पिढीचे संगीत उभे राहिले. १९७० च्या आसपास कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ नावाच्या दुरुस्ती करणाऱ्याने फेंडरच्या लहानशा पेटीत वाढीचा आणखी एक टप्पा घातला. मंद छेडलेली तारही लांबवर गात राहू लागली. पुढे ब्रूस एग्नेटर यांनी विचार केला, की भोपळा तोच ठेवून घोडी तेवढी बदलता आली तर? त्यांच्या कल्पनेवर रँडल नावाच्या कंपनीने या शतकाच्या पहिल्या दशकात सरकवायच्या डब्यांची पेटी विकली. एकेका डबीत दोन लहान व्हॉल्व्ह. ती मालिका पुढे थांबली; परंतु जगभरच्या हौशी कारागिरांनी त्या डब्या उघडून, त्यांतले भाग बदलून, त्यांचा संसार चालू ठेवला आहे. आण्णांचे पैसे गेले ते अशाच एका अनामिक हाताकडे.

एवढी तयारी करून मी आण्णांच्या सोप्यात गेलो. पोराने पेटी चालू केली. "गुरुजी, मागं हात घालू नका हं, आत तीनशे-चारशे व्होल्ट खेळत्यात. बंद केली तरी काही वेळ राहत्यात." मी दोन पावले मागे सरलो. त्याने आधी मूळ डबी वाजवली, मग बदललेली. दुसरी ऐकताच घरातली सगळी मुले एकमुखाने म्हणाली, "हीच भारी!" पोराचा चेहरा उजळला. मीही मान डोलावणार, तोच कोपऱ्यातून आण्णा म्हणाले,

"थांब जरा. दुसऱ्या वक्ताला आवाज चढवलाईस तू. चांदीचा कस बघायचा तर आदी दोन्हीकडचं वजन सारखं करतोय आपण. वजन सारखं कर, मग वाजीव."

वाचकहो, पुढे मला कळले, की ध्वनीचे जाणकारही हेच सांगतात. दोन आवाजांपैकी जो जरासा मोठा असतो तो कानाला चांगलाच वाटतो. म्हणून तुलना करायची तर मोठेपणा सारखा हवा, वाद्य तेच हवे, कर्णा तोच हवा, आणि कोणती डबी चालू आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नको. आण्णांनी हे शास्त्र तराजूवरून शिकले होते.

पोराने आवाज बराबर केला, आण्णांनी भिंतीकडे तोंड केले, आणि तोच सूर पाच-सहा वेळा कधी या तर कधी त्या डबीतून वाजला. आण्णांनी एकदाही चूक केली नाही. पहिलीविषयी म्हणाले, "ही बद्द हाय, पण गोड हाय. एकट्यानं भावगीत वाजवायला चांगली." दुसरीविषयी म्हणाले, "ही खणखणीत. ढोलकी, झांज सुरू झाली तरी हिचा आवाज बुडायचा न्हाई. पण एकटी वाजवलीस तर कानाला टोचंल."

पोर थक्क झाले. त्याने डबी उघडून दाखवली. मटारच्या दाण्याएवढे काही भाग बदललेले. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये बसणारा तो भाग म्हणजे गाळणी. तो लहान घेतला की जाड, घुमारा धरणारा आवाज पुढच्या व्हॉल्व्हवर जाण्याआधीच गाळला जातो. व्हॉल्व्हला पेलवत नाही इतकी लहर आली की तिचे माथे छाटले जातात आणि त्यातून नवे उपस्वर निघतात; जाड आवाज आधीच गाळला असेल तर हे उपस्वर स्वच्छ येतात, नाही तर चिखल होतो. हाताचे काम तेवढेच. पण कोठे किती घ्यायचे हे ठरवणारा कान त्या कामामागे होता.

"म्हंजे घासून जवारी लावलीय," आण्णा म्हणाले. मी त्यांना मिरजेची गोष्ट सांगितली होती.

त्यानंतर आम्ही तिघे एकदा मिरजेला जाऊन आलो. एका वृद्ध कारागिराने तंबोऱ्याची घोडी घासताना आम्हाला दोन तास बसवून घेतले. तारांनी घोडीवर बारीक चऱ्या पडतात, त्यामुळे जवारी उतरते आणि पुन्हा लावावी लागते, असे ते म्हणाले. १९७९ च्या सुमारास बंगळूरात विजेवरचा तंबोरा निघाला. आता तर तो खिशातल्या फोनमध्येही वाजतो. त्याची जवारी कधी उतरत नाही, आणि म्हणून ती लावणाऱ्याची गरजही पडत नाही. "सोय झाली, पण नवी पोरं ह्या कामाला बसत न्हाईत," एवढेच ते बोलले आणि पुन्हा कानशीवर वाकले. परतताना एसटीत आण्णा बराच वेळ गप्प होते. आमच्या हुपरीतही यंत्रे आली आहेत. जे काम दहा घरांत होई ते एका छपरात होते. हात निराळा, पण प्रश्न तोच.

यंदा वसुबारसेच्या संध्याकाळी मी आण्णांकडे डोकावलो. बापलेक एकाच दिव्याखाली बसले होते. एकाच्या पुढ्यात पैंजण, दुसऱ्याच्या पुढ्यात उघडलेली ती मूळची डबी. पोर आता स्वतःच भाग बदलून पाहतो आहे. डाख दोघांनाही लावायचा होता, एकाला चांदीचा, दुसऱ्याला कथलाचा. आण्णा आपले काम सोडून पोराच्या हाताकडे बघत होते.

"लई ताव देऊ नकोस," ते म्हणाले. "माल करपतोय. आन् झाल्यावर वाजवून बघूया. मी भिताडाकडं तोंड करतो."