पाण्याबरोबर अन्न : नहरीपासून ठिबकापर्यंत

शहर वसविणें एकवेळ सोपें, परंतु तें तहानेनें उठूं नये अशी तजवीज करणें कठीण. निजामशाहीचा मुत्सद्दी मलिक अंबर हें पुरतें जाणत होता. १६१० सालीं त्यानें खडकी येथें राजधानी वसविली, आणि पुढें कांहीं वर्षांतच उत्तरेकडील डोंगरपायथ्याचें भूगर्भांतील पाणी बांधीव नहरीनें, केवळ उताराच्या बळावर, शहरांत आणलें. हीच खडकी पुढें औरंगाबाद झाली आणि २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर ह्या नांवानें ओळखली जाते.

पाणी आलें तसा बागांचा शौक वाढला. बीबीच्या मकबऱ्याभोंवतीं १७ व्या शतकांत चारबाग पद्धतीची बाग रचली गेली. हिमायत बागेंत फळझाडें लागलीं. तेथें आज फळसंशोधन केंद्र आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांतील पाणचक्कींत तर मातीच्या नळांतून आलेल्या पाण्याचा जोर दळणाच्या कामीं लावला गेला.

एक काम मात्र ह्या वाहत्या पाण्यावर सोंपवितां येत नव्हतें. तें म्हणजे झाडांना खत पोंचविण्याचें. ज्या नहरीचें पाणी शहराच्या हौदांत पिण्यासाठीं पडे, तींत शेण कालविणार कोण? पातळ खताची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. १० व्या शतकाच्या सुमाराचा मानलेल्या सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ ग्रंथांत मांस, चरबी इत्यादि पदार्थ पाण्यांत कुजवून केलेलें ‘कुणपजल’ वर्णिलें आहे. परंतु तें झाडाच्या बुंध्याशीं ओतावयाचें. मळ्यांतील पाटाच्या तोंडाशीं शेण घालावें, तर पहिल्या वाफ्यास अधिक आणि शेवटच्यास कमी, असा पंक्तिप्रपंच होई.

वनस्पति अन्न खात नाहीं, ती तें पिते. १८४० सालीं जर्मन रसायनज्ञ लीबिग यानें झाडें खनिज क्षारांवर पोसतात असें प्रतिपादिलें. आणि १८६० च्या सुमारास झाक्स यानें मातीशिवाय, क्षार विरघळविलेल्या पाण्यांतच रोपें वाढवून दाखविलीं. पुढें १९६५ सालीं सिम्खा ब्लास यांच्या कल्पनेवर इस्रायलमधील हात्झेरिम येथें ठिबक नळ्यांचा उद्योग उभा राहिला, आणि १९८० नंतर ती पद्धति महाराष्ट्रांतही पसरली. आतां विरघळलेलें खत पहिल्या व शेवटच्या झाडास जवळजवळ सारखें मिळूं लागलें.

हें खत नळींत शिरविण्यास बहुधा व्हेंचुरी वापरतात. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी यानें १७९७ सालीं वर्णिलेलें तत्त्व असें, कीं नळी मध्येंच अरुंद केली असतां तेथें प्रवाहाचा वेग वाढतो व दाब घटतो. त्या जागीं जोडलेली बारीक नळी पिंपांत सोडली, कीं पिंपांतील द्रावण आपोआप ओढलें जातें. पाणचक्कींत पाण्याच्या जोरानें जातें फिरे. येथें तोच जोर झाडांना अन्न वाढतो.

परंतु नहरीच्या काळचा जुना प्रश्न येथें पुन्हां उभा राहतो. पंप थांबला, कीं खतमिश्रित पाणी उलट फिरून विहिरींत वा घरच्या टांकींत जाऊं शकतें. म्हणून खत जेथें मिसळतें त्याच्या अलीकडे, पाणी मागें न जाऊं देणारी झडप असणें अनिवार्य होय. आरंभीं स्वच्छ पाणी, मध्यें खत, आणि शेवटीं नळ्या धुवून निघण्यापुरतें पुन्हां स्वच्छ पाणी, हा क्रमही राखावा. प्रमाणाचाही विसर पडतां कामा नये. युरियांत शेकडा ४६ भाग नत्र असतें. तें वाजवीहून अधिक दिल्यास मुळांखालीं झिरपून नायट्रेटच्या रूपानें भूगर्भांतील पाण्यांत उतरतें, आणि तेंच पाणी शेजाऱ्याच्या आडांत येतें.

नहरीच्या पाण्यावर शहरानें बागा फुलविल्या, त्या पिण्याचें पाणी निर्मळ राखून. आजच्या बागाइतदारास साधनें अधिक मिळालीं आहेत, परंतु ती मर्यादा त्यालाही सुटलेली नाहीं.