विहीर आणि हंडे

२००२च्या सुरुवातीला एका बिघडलेल्या पीएनजी चित्रामुळे लिनक्सवरचा प्रोग्रॅम कोसळला. शोध घेता घेता दोष सापडला झेडलिबमध्ये. झाँ-लू गेली आणि मार्क अ‍ॅडलर यांची ही डेटा दाबून लहान करणारी चिमुकली लायब्ररी असंख्य प्रोग्रॅम वापरत होते. एकदा मोकळी केलेली मेमरी ती कधीकधी पुन्हा मोकळी करायची, आणि हल्लेखोराला तेवढी फट पुरेशी ठरू शकत होती.

मार्चमध्ये दुरुस्त आवृत्ती आली. सिस्टीमवरची सामाईक झेडलिब वापरणाऱ्यांचं काम एका अपडेटमध्ये झालं. पण आरसिंकने, अगदी लिनक्स कर्नलनेही आपापली प्रत पोटात ठेवली होती. विहीर उपसली, तरी घरोघरच्या हंड्यांत जुनंच पाणी! डिस्ट्रिब्युशनवाल्यांना एकेक हंडा हुडकत फिरावं लागलं. डेबियनची नियमावली अशा प्रतींवर नाक मुरडते ती उगाच नाही.

पण विहिरीचंच पाणी नासलं तर? तेही डेबियनमध्येच घडलं. २००६ साली त्यांच्या ओपनएसएसएल पॅकेजमधून थोडा कोड काढला गेला. हेतू साधा होता, मेमरी तपासणाऱ्या व्हॅलग्राइंडची कुरकुर थांबवणं. पण रँडम आकड्यांना लागणारी अनिश्चितता तिथूनच यायची. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२ हजार शक्यता. एवढ्या किल्ल्या कुणीही आधीच बनवून ठेवाव्यात आणि एकेक लावून बघावी. मे २००८मध्ये हे जाहीर झालं तोवर दीड वर्ष उलटलं होतं, आणि डेबियनवर बेतलेलं उबंटूही त्यात सापडलं होतं. मूळ ओपनएसएसएलची प्रत स्वतःसोबत बाळगणारे मात्र सुटले. पॅकेज अपडेट करणं सोपं होतं. त्यावर बनलेली प्रत्येक किल्ली बदलणं नव्हतं.

तरीही मी विहिरीच्या बाजूचा. सोबत प्रत दिली की प्रोग्रॅम सगळीकडे सारखा चालतो, हे रोज कोड लिहिताना मलाही सोयीचंच वाटतं. पण बाहेरून आलेली फाइल उघडणाऱ्या किंवा किल्ल्या बनवणाऱ्या लायब्ररीला ही सूट देऊ नये. सप्टेंबर २०२३मध्ये लिबवेबपी या चित्रांच्या लायब्ररीत गंभीर दोष निघाला. क्रोम लगेच दुरुस्त झालं. पण इलेक्ट्रॉनवर बांधलेलं प्रत्येक अ‍ॅप स्वतःचं क्रोमियम घेऊन फिरतं, त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर एडिटरचं अपडेट वेगळं, चॅटचं वेगळं.