निर्मलचे नक्काश आणि गंजिफेची पेटी

पैनगंगेच्या दक्षिणेस आणि गोदावरीच्या उत्तरेस पसरलेला जो डोंगराळ, सागवानी मुलूख निजामाच्या दफ्तरात प्रथम सिरपूर-तांडूर या नावाने दाखल होता आणि ज्यास १९०५ मध्ये आदिलाबाद या नावाने स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळाला, त्याच्याशी मराठी माणसाचे नाते केवळ शेजाराचे नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे त्याचे दोन तालुके तोडून इकडे आणले गेले. परंतु उरलेल्या जिल्ह्याच्या बाजारांतून आणि चावड्यांतून मराठी काही कोणी तोडून नेली नाही. या जिल्ह्याच्या दक्षिणेस, महबूब घाट उतरून हैदराबादेकडे जाणाऱ्याला जे निर्मल गाव लागते आणि जे २०१६ पासून स्वतःच एका जिल्ह्याचे ठाणे होऊन बसले आहे, ते लोकांना ठाऊक आहे लाकडी खेळण्यांमुळे. पोनिकीच्या हलक्या, मऊ लाकडातून कोरलेली आणि चिंचोक्याच्या लुकणात लाकडाचा भुसा मळून सांधलेली फळे आणि पाखरे पुष्कळांच्या दिवाणखान्यात असतात. मात्र ज्या नक्काशांच्या, म्हणजे चिताऱ्यांच्या, हातांनी ही पाखरे रंगवली त्याच हातांनी एके काळी गंजिफाही, म्हणजे पत्त्यांसारख्या खेळाची वाटोळी पानेही, रंगवली, ही गोष्ट निर्मलमध्येही आज फारशी कोणी बोलत नाही.

निर्मलचे नाव सतराव्या शतकातील निम्मा नायडू या नायकावरून पडले आणि कारागीर त्यानेच आणून वसवले, अशी परंपरा आहे. गावाभोवती अजून उभे असलेले गढ्या-बुरुज आणि येथे तोफा ओतल्या जात ही आख्यायिका पाहता, येथील कलावंतांना युद्धाचे दर्शन केवळ पोथीतून झाले असेल असे वाटत नाही. १७५२ मध्ये निजाम सलाबतजंग आणि त्याच्या सोबतीचा फ्रेंच सेनानी बुसी यांच्या फौजेवर निर्मलच्या राजाने चाल केली आणि त्या लढाईत तो स्वतःच कामास आला, असे इम्पीरियल गॅझेटियर नोंदवते. अशा गावात युद्धाचा खेळ रंगवणारे लोक असावेत, यात नवल ते काय?

कारण गंजिफा हा मुळात राज्यकारभाराचा आणि युद्धाचा खेळ आहे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याचा उल्लेख त्याच्या आत्मवृत्तात आहे. आणि अबुल फजलाने आईन-इ-अकबरीत बारा रंगांच्या, प्रत्येकी बारा पानांच्या ज्या गंजिफेचे वर्णन केले आहे, ते वाचताना एखाद्या साम्राज्याची मोजदाद वाचत असल्याचा भास होतो. अश्वपती हा दिल्लीपतीसारखा घोड्यावर, छत्रनिशाणासह. गजपती हा ओरिसाच्या राजासारखा हत्तींचा धनी. नरपती हा विजापूरच्या सुलतानासारखा पायदळाचा स्वामी. शिवाय किल्ल्यावर सिंहासन मांडून बसलेला गडपती, सोन्यारुप्याच्या राशींजवळचा धनपती, चिलखती वीरांचा दलपती आणि जहाजात बसलेला नवपती. पुढे दक्षिणेत जी आठ रंगांची, ९६ पानांची गंजिफा रूढ झाली तिच्यातही ताज, शमशेर, गुलाम, चंग, बरात, किमाश आणि सफेद-सुर्ख ही दोन नाणी, म्हणजे सिंहासन, फौज, खाजगी, नौबत, दफ्तर, कोठी आणि खजिना, अशी सारी खाती जागच्या जागी आहेत. आजच्या संगणकावरील व्यूहात्मक खेळांत राज्यकर्त्याला जे जे सांभाळावे लागते, ते बहुतेक सारे येथे चारशे वर्षांपूर्वी कापडाच्या चकत्यांवर मांडलेले होते.

खेळही बुद्धीचा. तिघांत ९६ पाने वाटली की प्रत्येकाच्या हाती ३२ येतात. दिवसा सुर्खाच्या मीराचा, म्हणजे राजाच्या पानाचा, धनी डाव उघडतो, रात्री सफेदाच्या. चार रंगांत दहापासून एक्क्यापर्यंत मोल उतरत जाते, उरलेल्या चारांत ते नेमके उलटे फिरते, आणि कोणत्या रंगाचे कोणते पान पडून गेले, म्हणजेच उरलेल्यांतले कोणते आता ‘हुकूम’ झाले, हे ज्याच्या ध्यानात राहील तोच जिंकतो. येथे दैव फक्त पाने वाटते. बाकी सगळा कारभार स्मरणशक्तीचा.

असा खेळ रंगवणाऱ्यापुढे जी अडचण उभी राहते ती साध्या चित्रकारापुढे नसते. पान वाटोळे, बहुधा दोन-अडीच इंचांचे, आणि तेही हातात एकावर एक सरकवून धरलेले, त्यामुळे डोळ्याला दिसते ती केवळ चंद्रकोरीएवढी कड. आजच्या पत्त्यांच्या कोपऱ्यात अंक आणि खूण छापलेली असते तशी सोय येथे नाही, कारण वर्तुळाला कोपराच नसतो. म्हणून चिताऱ्याने प्रत्येक रंगाला स्वतंत्र जमीन दिली: कोणाला हिरवी, कोणाला पिवळी, कोणाला शेंदरी, आणि तीवर खूण अशा ठसठशीत रेषेत बसवली की दिव्याच्या मंद उजेडातही ती चुकू नये. मीर आणि वजीर यांतला भेद चेहऱ्यावरून दाखवण्याच्या भानगडीत तो पडला नाही. राजा सिंहासनावर किंवा हत्तीवर, वजीर घोड्यावर. बैठकीचा आकार बदलला की दर्जा कळला. पानाची पाठ मात्र त्याने एकाच रंगाच्या लाखेने गुळगुळीत करून सोडली, कारण तेथे कलमाचा एखादा वेगळा फटकारा राहून गेला तर प्रतिस्पर्ध्याला पान ओळखता येईल.

आणि मग पेटी. सरकत्या झाकणाची ही लहान लाकडी पेटी म्हणजे खेळाचे मुख. आत काय आहे हे बाजारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला, ती न उघडता, तिनेच सांगायचे. बऱ्या पेट्यांच्या झाकणावर आणि बाजूंवर देवता, राजपुरुष आणि वेलबुट्टी असते. पण आतील सगळीच्या सगळी पाने झाकणावर मांडून दाखवण्याचा मोह जाणत्या चिताऱ्याने आवरलेला दिसतो. एक मुख्य आकृती, तिच्याभोवती मोकळी जमीन, आणि कडेने वेल. ज्याने हा संयम पाळला नाही त्याची पेटी दोन हातांवरूनच नक्षीदार पण मुकी वाटते, असे माझे मत आहे.

या विद्येचा एक प्रवाह तेलंगणातून पार कोकणात गेला, हा तिच्या इतिहासातील रम्य भाग. सावंतवाडीचे तिसरे खेमसावंत (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या दरबारी धर्मशास्त्राच्या चर्चेस आलेल्या तेलंगी ब्राह्मणांनी महाराजांना गंजिफेचा नाद लावला आणि महाराजांनी आपल्या चिताऱ्यांकडून तशीच पाने करवून घेतली, अशी तेथील परंपरा सांगते. ते ब्राह्मण निर्मलच्या बाजूचे होते असे कोणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. मात्र सावंतवाडीच्या चितारआळीत जी दशावतारी गंजिफा फुलली, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग आणि १२० पाने असलेली, दिवसा रामाने व रात्री कृष्णाने उघडणारी, तिच्यात बाजाराची जाण विलक्षण होती. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप देऊन दगडाने घोटायचे, चकत्या पाडायच्या आणि मग रंगवायचे, ही कृती सर्वांना एकच. पण कलमे, म्हणजे शैली, दोन. दरबार कलमात पानाला नक्षीदार किनार आणि आकृतीला राजवाड्याचा डौल, तर बाजार कलमात किनारीला फाटा देऊन दोन-चार जाड रेषांत मासा तो मासा आणि परशू तो परशू. तज्ज्ञ लोक दरबार कलमाची वाखाणणी करतात. मला बाजार कलम अधिक कसबाचे वाटते. थोड्या वेळात, थोड्या रंगांत, अनोळखी गिऱ्हाइकाला ओळख पटवून देणे हे सोपे काम नव्हे.

एकोणिसाव्या शतकात विलायती छापील पत्ते स्वस्तात येऊ लागले आणि हा व्यवसाय बसला. १२० चित्रे हाताने काढणाऱ्याने ५२ छापील पानांशी किंमतीत स्पर्धा ती काय करावी! सावंतवाडीस शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७१ च्या सुमारास वृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ही विद्या पुन्हा चालती करवली. निर्मलच्या नशिबी दुसरीच वाट आली. सर अकबर हैदरी यांच्या पत्नी लेडी हैदरी यांनी निर्मलच्या कारागिरांना हैदराबादेत आणून आश्रय दिला, पुढे १९५५ मध्ये गावात सहकारी संस्था निघाली, आणि नक्काशांचे कलम गंजिफेच्या चकतीवरून तबकांवर, पडद्यांवर आणि भिंतीवरच्या फळ्यांवर गेले. मोटारींना देतात तो ड्यूको रंग आला, आणि काळ्या चकचकीत जमिनीवर सोनेरी आकृती ही निर्मलची ओळख झाली. एखाद्या निजामाच्या स्वागतास येथील कारागिरांनी सोन्याच्या वर्खाच्या पाकळ्यांचे केळफूल टांगले होते आणि ते उमलून त्याच्यावर सुवर्णवृष्टी झाली, ही कथा खरी असो वा नसो, सोनेरी रंगाचा उपयोग नजर खेचण्यासाठी कसा करावा हे या मंडळींना कळत होते खास.

आज व्यूहात्मक व्हिडिओ गेम करणाऱ्या तरुणांपुढे पेटीच्या झाकणाचा तोच प्रश्न नव्या मापात उभा आहे. स्टीमसारख्या संगणकीय दुकानाच्या यादीत खेळाचे मुखचित्र वर्षानुवर्षे अवघ्या २३१ बाय ८७ ठिपक्यांत मावत असे. आणि त्या पट्टीत नकाशा, तोफा, सेनापती, किल्ला आणि वर भलेमोठे नाव असे सगळे कोंबलेले पाहिले की झाकणावर ९६ पाने मांडायला निघालेल्या चिताऱ्याची आठवण होते. सप्टेंबर २०२२ पासून त्या दुकानाने मुखचित्रावर समीक्षकांचे गुण, पारितोषिके आणि सवलतीची जाहिरात छापण्यास मनाई केली, म्हणजे खेळाचे नाव आणि चित्र एवढेच उरले. व्यूहाच्या खेळाला ही अडचण विशेष जाणवते, कारण त्यात एक नायक नसतो. असते ती एक राज्यव्यवस्था, आणि व्यवस्थेचे चित्र काढणे कठीण. अकबरी गंजिफेने ते कोडे असे सोडवले की राज्य दाखवायचे तर त्याचा धनी दाखवावा आणि त्याच्या बुडाखाली त्याचे बळ ठेवावे: हत्ती, गड, जहाज किंवा खजिना. गडपतीचे पान पाहणाऱ्याला खेळाचे नाव वाचावे लागत नाही. सिंहासन बुरुजावर आहे, म्हणजे येथे तटबंदी लढवायची आहे, हे तो तत्क्षणी जाणतो.